गालावरची अन्नपूर्णा

रंभाबाईला तुम्ही ओळखायचं काही कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याहून जंगलाच्या अंगानं जो रस्ता आत जातो, त्यावरच्या एका गावात तिचं घर. रोवण्याच्या दिवसांत ती दिवसभर धानाच्या बांधीत, चिखलात वाकलेली असायची, उन्हाळ्यात पहाटेच तेंदूपत्त्याला निघायची, आणि मधल्या दिवसांत चार घरच्या बायका करतात ते सगळं करायची. पेपरात नाव यावं असं तिनं आयुष्यात काही केलं नाही. पण या बाईनं एक मेलेली पोर विसाहून जास्त वर्षं जिवंत ठेवली होती, तीही दुसऱ्या पोरीच्या गालावर. आता हे कसं, ते ऐका.

रंभाची पहिली मुलगी अन्नपूर्णा. घरात सगळे अन्नू म्हणत. तिसरं वर्ष सरता सरता तिला थंडी वाजून ताप भरला. लटारूनं, म्हणजे रंभाच्या नवऱ्यानं, बंडी जुंपली आणि पोंभुर्ण्याचा दवाखाना गाठायला निघाला. अर्ध्या वाटेत रंभाच्या मांडीवर पोरीनं मान टाकली. बंडी तिथूनच परत फिरली. रंभा तेव्हा रडली नाही, बोलली नाही, भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. बायका म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर हे आत बसंल. पण ती काही रडली नाही.

लहान लेकरू, ते पुरायचं असतं. पुरायला नेण्याआधी रंभाची सासू केसरबाई उठली. दिव्यावरची काजळी तिनं बोटावर घेतली, त्यात तेल कालवलं आणि अन्नूच्या डाव्या गालावर एक टिपका लावला. म्हणाली, "जाय बाई, पण परत इथीच ये. खूण घेऊन ये." त्या भागातली जुनी माणसं असं करत. मेलेल्या लेकरावर खूण करायची आणि पुढच्या बाळंतपणात ती खूण कुठं दिसते का ते बघायचं. त्या दिवसातलं रंभाला पुढं काहीच आठवत नव्हतं. सासूचं ते काळं बोट तेवढं आठवायचं.

दुसऱ्या वर्षी चंचल झाली. केसरबाईनं ओली बाळी उजेडात धरली आणि अंगणात उभ्या असलेल्या लटारूला ओरडून सांगितलं की अन्नू आली. डाव्या गालावर चिंचोक्याएवढा तपकिरी डाग होता. काजळीची जागा कानाजवळ होती, हा डाग थोडा पुढं होता, पण एवढं मोजतो कोण? सगळ्या गावानं येऊन पाहिलं. रंभानं त्या डागावर ओठ टेकवले आणि कित्येक महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली. आता रडायचं कोणासाठी? पोरगी तर मांडीवर होती.

इथून पुढं त्या घरात दोन पोरी वाढल्या, एकाच अंगात. रंभा बाळीला निजवायची ती नेहमी उजव्या कुशीवर, म्हणजे डावा गाल वर राहील. आसपास कोणी नसलं की हळूच हाक मारायची, "अन्नू." सुरुवातीला बाळी नुसती बघायची, पुढं ओ द्यायला लागली. लेकरू ते, आई ज्या नावानं हाक मारेल त्याला ओ देणारच! पण रंभाला वाटायचं, आतून अन्नूच बोलली. अन्नूला भाजलेली मोहफुलं फार आवडायची, म्हणून रंभा चंचलला ती भरवायची. चंचल ओकून टाकायची. रंभा पुन्हा भरवायची, म्हणायची, आठवंल हिला हळूहळू. लटारूनं एकदाच तोंड उघडलं. "हे दुसरी हाये, रंभे," इतकंच म्हणाला. त्यावर रंभानं त्याच्याशी इतके दिवस अबोला धरला की बिचाऱ्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. मग केसरबाईही गेली आणि खुणेची साक्ष द्यायला एकटी रंभा उरली.

पोर वाढली तसा डागही वाढला. चिंचोक्याचा रुपया झाला. शाळेत पोरं तिला डागी म्हणून चिडवत. बारावी झाल्यावर चंचलनं हट्टानं चंद्रपूर गाठलं, पार्लरचा कोर्स केला आणि जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत तबस्सुमच्या पार्लरवर कामाला लागली. तबस्सुम चाळिशीची बाई, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. तिनं पोरीला हाताला धरून शिकवलं. चंचलचा हात चांगला बसला. पण गिऱ्हाईक आरशासमोर बसलं की आधी स्वतःचा चेहरा बघायचं, मग चंचलचा, आणि मग कोणीतरी सहज बोलून जायचं, दुसऱ्याचे चेहरे नंतर उजळ बाई, पहिले आपला पाह्य. चंचल हसण्यावारी न्यायची. रात्री खोलीवर मात्र तिला झोप यायची नाही. तिला स्वतःचं पार्लर काढायचं होतं, आणि डाग घेऊन ते चालणार नाही हे तिला दिसत होतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी ती पंधरवडाभर घरी आली आणि एकदा जेवताना म्हणाली, "माय, मले हा डाग काढाचा हाये. लेझरनं निंगते."

रंभाच्या हातातला घास हातातच राहिला. पुरलेलं लेकरू उकरायला कोणी कुदळ घेऊन आलं असतं तरी तिचं काळीज इतकं हललं नसतं. जळशील, तोंड विद्रूप होईल, देवानं दिलेलं काढू नये, जे सुचेल ते ती बोलली. लटारू ताटाकडे बघत म्हणाला, माय म्हणते तसं कर. पण चंचल हुशार होती. ती म्हणाली, मग तूच चल माझ्यासोबत. कोणता दवाखाना भरोशाचा ते तूच बघ, तू सांगशील तिथंच करीन, आणि एकही बरा वाटला नाही तर राहू दे. रंभानं हो म्हटलं. मनात तिनं ठरवूनच टाकलं होतं की एकही बरा वाटू द्यायचा नाही.

अशी ही बाई दोष शोधायला निघाली, आणि चंद्रपुरात तर दोष सांगणाऱ्यांचा बाजारच भरला होता. लेझर हा शब्दच तिथं नवा होता. मोठ्या रस्त्यावर समोरासमोर दोन दवाखाने उघडले होते. एकाच्या दर्शनी भागाला सगळी काच, आत थंडगार हवा, भिंतीवर गोऱ्या बायकांचे फोटो. त्याला लोक काचवाला दवाखाना म्हणत. दुसरा समोरच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर, अरुंद जिन्यानं जायचं, तो जिन्याचा दवाखाना. दोघांचं असं हाडवैर की विचारू नका. काचवाल्यांचा ऑटो भोंगा लावून गावभर फिरायचा, आणि तो नेमका समोरच्या जिन्यापाशी येऊन बंद पडायचा. ड्रायव्हर म्हणे इंजिन तापलं, पण भोंगा काही तापायचा नाही. जिन्याचा कंपाउंडरही कमी नव्हता. तो खालच्या चहाच्या टपरीवर बसून सांगायचा की काचवाल्यांचा डॉक्टर नागपूरहून आठवड्यातून एकदा येतो, बाकीचे दिवस मशीन भलतंच कोणी चालवतं. काचवाले म्हणायचे, जिन्यावरचं मशीन कोणीतरी टाकून दिलेलं आहे.

रंभानं तबस्सुमला विचारलं. तबस्सुमनं चहा पुढं सरकवला आणि म्हणाली, "देखो बाई, दोघेही मले म्हणतात, गिऱ्हाईक पाठव, तुह्यासाठी काही ठेवतो. म्हणून मले विचारूच नको. माह्या जिभेवर आता माहाच भरोसा नाई." असं खरं बोलणारी बाई मिळाली तर तिचा सल्ला घ्यावा, पण तिच्याकडं सल्लाच नव्हता. तिनं एक मात्र सांगितलं. नाहीद नावाची एक शिवणकाम करणारी बाई आहे, तिचा गाल लेझरनं जळला असं सगळं गाव बोलतं. काचवाले म्हणतात जिन्यावर जळला, जिन्यावरचा कंपाउंडर म्हणतो काचेत जळला. तिलाच जाऊन विचारा.

रंभाला बरं वाटलं. जळलेली बाई म्हणजे तिला हवा तो पुरावाच. मायलेकी भरउन्हात नाहीदचं घर शोधत गेल्या. दारात शिलाई मशीन, मशीनपुढं नाहीद, आणि गालापासून मानेपर्यंत आकसलेली चकचकीत कातडी. रंभानं चाचरत विचारलं, कोणत्या दवाखान्यात झालं? नाहीदनं पायडल थांबवलं. ती म्हणाली, लग्नाच्या आधी मुहर्रमच्या दिवसांत शरबतासाठी पाक करत होते, कढई कलली. लेझर मी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. रस्त्यानं गेले की दोन्हीकडची माणसं माझ्याकडं बोट दाखवतात, भांडायला जावं तर म्हणतात, तुमच्याबद्दल नव्हतंच. एवढं बोलून तिनं मशीन पुन्हा चालू केलं. रंभा शरमली. 

मग त्या काचेच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या तरुणानं बसल्याजागीच डाग बघून सांगितलं, शंभर टक्के जाईल, कायमचा, लिहून देतो, आणि आजच बसलात तर सवलत. चंचलचं तोंड उजळलं. रंभाला दिसलं, आपण नाही म्हटलं तर ही उद्या एकटीच इथं येऊन बसेल. कायमचा. तो शब्द त्यानं किती हसतमुखानं उच्चारला! भिंतीवरच्या त्या गुळगुळीत गालांकडं बघून तिला भीती वाटायला लागली, या बायकांच्या गालावरून कोण कोण पुसलं गेलं असेल?

शेवटी जिना. वर एक डॉक्टरीणबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्म्यातून बारीक बघणाऱ्या. त्यांनी चंचलला खिडकीपाशी नेलं, भिंग लावून डाग पाहिला, मग विचारलं की उन्हात किती फिरतेस. चंचल म्हणाली, आत्ताच पंधरवडाभर तेंदूपत्त्याला होते. डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, या रापलेल्या कातडीवर मी लेझर मारणार नाही. पोळेल किंवा पांढरं पडेल. पावसाळा जाऊ दे, दसऱ्यानंतर ये. आधी डागाच्या कडेला एक ठिपका मारून बघू, त्याचं काय होतं ते पाहून पुढं. चंचल हिरमुसली. रंभा मनात म्हणाली, चला, हाही गेला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि मावशी, आणखी एक सांगते. हा जन्माचा डाग आहे. फिका होतो, जातोही. पण काही जणांचा वर्षभरात परत येतो. कोणाचा येईल ते मला आज सांगता येणार नाही."

रंभा एकदम पुढं सरकली. "परत येते?"

"येऊ शकतो."

"त्याच जागी?"

"त्याच जागी. म्हणून मी कायमचा जाईल असं वचन देत नाही."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, आई घाबरली. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. आणि रंभा खाली मान घालून म्हणाली की हाच दवाखाना बरा आहे, इथंच करू. जिना उतरताना चंचलनं आईला घट्ट धरलं. म्हणाली, मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील, पण तू खरं बोलणारी बाई बरोबर हेरलीस. तबस्सुमनंही रंभाची तारीफ केली. खेड्यातली बाई, पण पारख केवढी! रंभाला ती तारीफ गिळवेना. तिनं भरोशाचा दवाखाना निवडला होता यात शंकाच नाही, पण कशासाठी निवडला ते एक तिला ठाऊक होतं आणि एक चंचलच्या गालावरच्या लेकराला.

दसरा झाला. डागाच्या कडेवर ठिपका मारला, खपली धरली, पडली, खाली साफ कातडी निघाली. दिवाळीनंतर खरं काम सुरू झालं. हिवाळाभर चंचल मधूनमधून जिना चढत राहिली. प्रत्येक खेपेला घरी यायची तेव्हा डाग आदल्या वेळेपेक्षा फिका. मकरसंक्रांतीला आली तेव्हा रंभाला तो शोधावा लागला. आणि त्याच्या पुढच्या वेळी शोधूनही सापडला नाही. चंचल घरभर गाणं गुणगुणत होती. रंभा तिच्याकडं बघत राहिली आणि तिच्या मनात आलं, ही कोण आहे? खरंच सांगतो, आईला आपली पोर अनोळखी वाटली. तिला स्वतःचीच भीती वाटली.

चंचल परत गेली आणि घर रंभाला खायला उठलं. इतकी वर्षं अन्नूला राहायला जागा होती. आता ती कुठं असेल? थंडीचे दिवस, अंगात नुसतं झबलं. तिनसांजेला रंभा दिवा लावायची आणि दाराशी थांबायची. कोंबड्या खुराड्यात घालताना तिला वाटायचं, कोणीतरी मागून लुगडं धरलं. वळून बघायची, कोणी नसायचं. चुलीपुढं एक पाट जास्तीचा मांडायची आणि लटारू यायच्या आत उचलून ठेवायची. लटारूला दिसत होतं. तो अंगणात खोकून मगच आत यायला लागला, तिला पाट उचलायला वेळ मिळावा म्हणून.

महाशिवरात्रीला गावातल्या बायकांबरोबर ती मार्कंड्याच्या जत्रेला गेली. वैनगंगेत बुडी मारली, देवाला मागितलं की डाग परत येऊ दे. असं मागणं त्या देवाकडं कोणी कधी मागितलं नसेल. देवळातून बाहेर आली तर गर्दीत एक तीनेक वर्षांची पोर उभी, डाव्या गालावर काळा टिपका. दृष्ट लागू नये म्हणून आया काजळाची तीट लावतात, तीच ती. जत्रेतल्या निम्म्या लेकरांच्या गालावर होती. पण रंभाला ते कुठलं सुचतंय? तिनं धावत जाऊन पोरीला उचललं आणि छातीशी धरून चालायलाच लागली. पोर किंचाळली, मागून तिची आई धावली, चोर चोर म्हणून माणसं जमली. गावच्या बायकांनी हातापाया पडून रंभाला सोडवलं. म्हणाल्या, उन्हानं डोकं फिरलं तिचं. बसमध्ये बसल्यावर रंभानं पाहिलं, तिच्या पदराला त्या लेकराचं काजळ लागलं होतं. घरी येईपर्यंत तिनं तो पदर मुठीत धरून ठेवला.

पोळ्याला चंचल घरी आली. तोंडावर पावडर होती आणि ती नीट नजर देत नव्हती. सकाळी ती न्हाणीपाशी तोंड धूत होती, रंभा पाणी ओतत होती. पावडर उतरली आणि डाव्या गालावर फिक्या तपकिरी रंगाची कड दिसली. अर्ध्या चंद्रासारखी, पण तीच, त्याच जागी. रंभाच्या हातून तांब्या निसटला. "आली माही बाई," ती म्हणाली. तोंडभर हसत म्हणाली.

चंचल ओल्या तोंडानं तिच्याकडं बघत राहिली. पोर कित्येक दिवस लपवत होती, तबस्सुमलासुद्धा तिनं दाखवलं नव्हतं, आईला कसं सांगावं या काळजीनं तिचं जेवण गेलं होतं. आणि आई हसत होती. बघता बघता तिला सगळं उमगलं. परत येते? त्याच जागी? दवाखान्यातले ते दोन प्रश्न तिला आठवले असतील.

"म्हणून निवडला तू तो दवाखाना," ती म्हणाली.

रंभाला खोटं बोलता आलं नाही.

"माय, मले लहानपणापासून माहीत हाये. तू अन्नू म्हणे आणि मी ओ देऊ. मले वाटे, ओ नाई दिली तर तू मले उचलून घेशीन नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी मेली असती तर कोणासाठी रडली असती तू? दोन्ही खेपा तिच्याचसाठी ना?"

ती दुपारच्याच गाडीनं निघून गेली. लटारू तिला रस्त्यापर्यंत सोडून आला आणि ओसरीवर बसला. रंभा आत होती. तिला चंचलचं लहानपण आठवायचं होतं. पहिला दात, पहिलं पाऊल, पहिल्यांदा शाळेत गेली तो दिवस, सगळं आठवत होतं, पण प्रत्येक ठिकाणी तिच्या तोंडी नाव येत होतं ते अन्नूचं. तिनं साधी गोष्ट आठवून पाहिली, चंचलला खायला काय आवडतं? आणि तिला सांगता येईना. एकवीस वर्षं जिला रांधून घातलं तिला काय आवडतं हे आईला ठाऊक नव्हतं. शेवटी ती ओसरीवर आली आणि नवऱ्याला विचारलं.

"अंबाडीची भाजी," लटारू लगेच म्हणाला. "कण्या घालून. आन् मोहफुलाचा तर तिले वासबी चालत नाई."

त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं. पण रंभा तिथंच खाली बसली.

धान कापून झाल्यावर ती एकटी एसटीनं चंद्रपूरला गेली. डब्यात अंबाडीची भाजी होती. पार्लरच्या दारात उभी राहून चंचलला म्हणाली की चल, डॉक्टरीणबाईकडं जाऊ, पुन्हा काढून टाकू, मी बसते बाहेर. चंचलनं डबा घेतला, पण जागची हलली नाही. तबस्सुमनंच तिला ढकललं, जा म्हणाली, गिऱ्हाइकांचं मी बघते.

जिन्यावरच्या दवाखान्यात बाकावर पाचसहा बाया होत्या. चंचल आत गेली, दार लागलं. मग आतून मशीनचा आवाज यायला लागला, टक्, टक्, टक्. केस जळल्यासारखा थोडा वास आला. रंभा बाकावर हात मांडीत घेऊन बसली होती. प्रत्येक टक् सरशी तिला वाटत होतं, कोणीतरी फावड्यानं माती लोटतंय. तेव्हा पुरताना ती तिथं नव्हती, तिला नेलंच नव्हतं. आता ती होती. आणि तिला अगदी स्पष्ट कळलं की अन्नू या गालावर नाही. कधीच नव्हती. ती बंडीत मेली, अर्ध्या वाटेत, आईच्या मांडीवर, आणि आईनं तिच्यासाठी डोळ्यातून टिपूस काढलं नाही.

रंभानं जो हंबरडा फोडला, तो रस्त्यापर्यंत ऐकू गेला. छाती पिटून, केस सोडून, मेल्या लेकराच्या आयाच रडतात तशी ती रडली. माही पोरगी, माही पोरगी, एवढंच तोंडातून निघत होतं. बाकावरच्या बाया घाबरून उठल्या, एक तर चप्पल टाकून जिना उतरली. खाली टपरीवर पोहोचेपर्यंत बातमी तयार झाली की वर एक पोरगी जळली, तिची आई धाय मोकलून रडून राहिली आहे. काचवाल्यांची माणसं दारात उभीच होती. त्यांचा पांढऱ्या कोटातला तरुण स्वतः रस्ता ओलांडून आला आणि जिन्याच्या तोंडाशी जमलेल्या लोकांना सांगायला लागला, आम्ही तर किती दिवस म्हणतोय.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चेहरा पांढराफटक. त्यांनी एकदा रंभाकडं पाहिलं, एकदा जिन्यावर चढत येणाऱ्या माणसांकडं, आणि त्यांना काय चाललंय ते समजलं. त्यांच्यामागं चंचल, डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर ढकललेला, गालाला बर्फाची पिशवी. तिच्या तोंडावर भीती नव्हती, राग होता. तिला वाटलं, आई डागासाठीच रडतेय.

"अजूनही, माय?" ती म्हणाली.

रंभा उठली. पदर सावरला आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. खाली माणसंच माणसं, सगळी वर बघत होती. इतक्या लोकांसमोर ती जन्मात बोलली नव्हती.

"इथी कोणी जळलं नाई," ती म्हणाली. "माही पोरगी मेली, म्हणून रडून राह्यली मी."

कोणीतरी विचारलं, कधी मेली?

"वीसावर वर्सं झाली. अन्नपूर्णा नाव होतं तिचं. तापानं गेली. तवा रडाचं राहून गेलं होतं."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. पांढऱ्या कोटातल्या तरुणानं वर बोट दाखवलं आणि म्हणाला, मग ही कोण, गालाला बर्फ लावलेली?

रंभानं मागं वळून पोरीकडं नीट पाहिलं.

"हे चंचल हाये," ती म्हणाली. "हे माही दुसरी पोरगी. तिचं काम अर्धं राह्यलं हाये, जाऊ द्या तिले आत."

खालची माणसं हळूहळू पांगली. कोणाला गोष्ट कळली, कोणाला नाही, पण जळलेलं कोणी नव्हतं एवढं दिसत होतं.  मग चंचल आईजवळ आली, तिचे सुटलेले केस मागं घेऊन गाठ मारली आणि डॉक्टरीणबाईंच्या मागं आत गेली. आतून मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला. रंभा बाकावर बसली आणि राहिलेलं रडू लागली. शेजारच्या बाईनं सरकून तिला जागा करून दिली.